पीएफ आणि पेन्शनचा पैसा : येतो कुठून, राहतो कुठे, सांभाळतो कोण? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

खासगी नोकरीत पगारातून दरमहा पीएफ कापला जातो आणि त्यावरचे प्रश्नही फिरूनफिरून तेच येतात. त्यांतले बरेचसे एकाच गैरसमजातून निघतात. कापलेला सगळा पैसा एका जागी साठतो, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो दोन निधींत जातो आणि दोन्हींचा स्वभाव पूर्ण वेगळा आहे. एक निधी तुमच्या नावावरचा, दुसरा सगळ्या सभासदांचा मिळून. हे डोक्यात ठेवून खालची उत्तरे वाचली, तर पासबुकातल्या निम्म्या कोड्यांचा उलगडा आपोआप होईल.

भारतात सगळ्यांसाठी एकच सामाजिक सुरक्षा योजना आहे का?

नाही. आपल्याकडे तुकड्यातुकड्यांनी योजना उभ्या राहिल्या. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या नोकरीत लागलेल्यांना (सैन्यदले सोडून) एनपीएस म्हणजे राष्ट्रीय पेन्शन प्रणाली आहे, आणि एप्रिल २०२५ पासून त्यांना यूपीएसचा म्हणजे एकीकृत पेन्शन योजनेचा पर्यायही आहे. खासगी क्षेत्रातल्या संघटित कामगारांचा पीएफ आणि पेन्शन ईपीएफओकडे म्हणजे कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे असते. त्यांतल्या कमी पगाराच्या लोकांच्या आजारपणाची, बाळंतपणाची आणि कामावरच्या अपघाताची जबाबदारी ईएसआयसीकडे म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे असते. ग्रॅच्युइटी मालकाने एकट्याने द्यायची असते. यातल्या कशातच न बसणाऱ्या म्हाताऱ्या, निराधार माणसांना सरकार करांच्या पैशातून मदत देते. महाराष्ट्रात ती संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या योजनांतून मिळते.

म्हणजे पैशाचे मार्ग दोन : कामगार आणि मालक यांची वर्गणी, किंवा सरकारी तिजोरी. इथे मुख्यतः वर्गणीवर चालणाऱ्या ईपीएफओबद्दल बोलू, कारण प्रश्न तिच्याबद्दलच जास्त असतात.

ईपीएफओ सुरू कधी झाली?

१५ नोव्हेंबर १९५१ रोजी वटहुकूम निघाला आणि १९५२ मध्ये त्याचा कायदा झाला. सुरुवातीला सहाच उद्योग होते : सिमेंट, सिगारेट, इंजिनीअरिंग, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. गिरणगावातल्या जुन्या घरांत पीएफ हा शब्द इतका मुरलेला का, याचे उत्तर या यादीतल्या शेवटच्या नावात आहे. नंतर वीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या बहुतेक आस्थापना त्यात आल्या. १९७१ मध्ये कुटुंब पेन्शन आले, १९७६ मध्ये विमा आला, आणि १६ नोव्हेंबर १९९५ पासून कुटुंब पेन्शनच्या जागी आजची कर्मचारी पेन्शन योजना लागू झाली. पेन्शनर तिला ‘ईपीएस-९५’ म्हणतात.

माझ्या पगारातून किती जाते आणि मालक किती भरतो?

तुमचे १२ टक्के आणि मालकाचे १२ टक्के, मूळ पगार अधिक महागाई भत्त्यावर. काही ठरावीक उद्योगांत हा दर १० टक्के आहे. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असते. खरी गंमत मालकाच्या १२ टक्क्यांची फोड केल्यावर कळते.

एखाद्याची बेसिक आणि डीए मिळून २०,००० रुपये आहे असे धरू. नोकरीला लागला तेव्हा पगार १५,००० च्या आत होता, म्हणून तो पेन्शन योजनेत आला आणि पगार वाढल्यावरही त्यातच राहिला. त्याच्या पगारातून २,४०० रुपये कापले जातात आणि ते सगळे त्याच्या पीएफ खात्यात जातात. मालकही २,४०० भरतो, पण त्यातले ८.३३ टक्के आधी पेन्शनकडे वळतात. ही टक्केवारी जास्तीत जास्त १५,००० पगारावर मोजतात, म्हणून पेन्शनकडे जातात १,२५० रुपये. उरलेले १,१५० पीएफमध्ये. याखेरीज मालक विम्यासाठी ०.५ टक्के देतो (यालाही १५,००० ची मर्यादा, म्हणजे ७५ रुपये) आणि संघटनेचा कारभार चालवण्यासाठी पूर्ण पगारावर ०.५ टक्के, म्हणजे १०० रुपये.

केंद्र सरकारही पैसे घालते, मात्र फक्त पेन्शनमध्ये : १५,००० पर्यंतच्या पगारावर १.१६ टक्के, म्हणजे या माणसामागे महिन्याला १७४ रुपये. पीएफमध्ये सरकारचा एक रुपयाही नसतो.

१५,००० ची ही मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासूनची. त्याआधी ती ६,५०० होती. त्या तारखेनंतर ज्यांनी पहिली नोकरी १५,००० पेक्षा जास्त पगारावर धरली ते पेन्शन योजनेत येतच नाहीत. त्यांच्या मालकाचा पूर्ण हिस्सा पीएफमध्ये पडायला हवा. तुम्ही यात बसत असाल आणि तरी पासबुकात पेन्शनच्या रकान्यात १,२५० दिसत असतील, तर एचआरकडून ते वेळीच दुरुस्त करून घ्या. नोकरी सोडताना हा घोळ निस्तरायला फार त्रास होतो.

मालकाचा हिस्सा माझ्याच सीटीसीमध्ये (कंपनीला माझ्यामागे येणाऱ्या एकूण खर्चात) धरला आहे. हे चालते का?

ठरलेल्या पगारातून मालकाला स्वतःचा हिस्सा वसूल करता येत नाही, कायद्यात तशी स्पष्ट मनाई आहे. पण नोकरी देतानाच ‘सीटीसी इतकी’ असा आकडा सांगून त्यात दोन्ही हिस्से धरले जातात आणि उमेदवार त्यावर सही करतो. कागदावर ते नियमात बसते. माझ्या मते ही आकडा फुगवून दाखवण्याची रीत आहे. म्हणून नोकरी घेताना सीटीसीचा आकडा बाजूला ठेवून हातात किती येणार आणि बेसिक किती, एवढे दोनच प्रश्न विचारावेत.

पासबुकात पेन्शनच्या रकान्यावर व्याज का दिसत नाही? तो पैसा कुठे गेला?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

पासबुक उघडल्यावर दर महिन्याच्या ओळीत तीन रकमा दिसतात : कर्मचारी हिस्सा, मालक हिस्सा आणि पेन्शन अंशदान. वर्षाच्या शेवटी व्याजाची ओळ येते. पहिल्या दोन रकान्यांत व्याज पडलेले असते आणि तिसऱ्यात शून्य. लोक घाबरतात. दहा-बारा वर्षे १,२५० प्रमाणे पैसे गेले आणि एक रुपया वाढला नाही, असे त्यांना वाटते.

पहिले दोन रकाने म्हणजे तुमची शिल्लक आहे. त्यात जितके पडले आणि जितके व्याज लागले, तितके तुमचे. तिसरा रकाना शिल्लक दाखवतच नाही. तुमच्या नावे सामायिक निधीत किती भरणा झाला, याची ती नुसती नोंद आहे. तो पैसा देशभरच्या सभासदांच्या पैशात मिसळला. निधीची गुंतवणूक होते, त्यावर उत्पन्नही मिळते, पण ते कोणा एकाच्या नावावर पडत नाही. त्यातून आजच्या पेन्शनरांना पेन्शन जाते आणि उद्या तुम्हाला जाईल.

तुमची पेन्शन मग कशावर ठरते? किती भरले यावर नाही. सूत्र असे : पेन्शनपात्र पगार गुणिले पेन्शनपात्र नोकरीची वर्षे, भागिले ७०. पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी, आणि ती १५,००० च्या मर्यादेत. वीस वर्षे पूर्ण केलेल्याला दोन वर्षे वाढीव धरतात. तीस वर्षे नोकरी झालेल्याची पेन्शन १५,००० गुणिले ३२ भागिले ७०, म्हणजे साधारण ६,८५७ रुपये. दहा वर्षेच झाली असतील तर २,१४३.

आता उलट बाजूने बघा. पहिल्याच पगारापासून कमाल मर्यादेवर भरणा झाला असे धरले, तरी मालकाचे आणि सरकारचे मिळून महिन्याला १,४२४ रुपये, तीस वर्षांत पाच लाख बारा हजारांच्या आसपास मुद्दल. पेन्शन वर्षाला ८२,००० रुपयांच्या वर. म्हणजे नुसते मुद्दल सव्वासहा वर्षांतच संपले असते. पुढची सगळी पेन्शन, आणि माणूस गेल्यावर त्याच्या बायकोची, ही त्या तीस वर्षांच्या गुंतवणुकीच्या उत्पन्नातून आणि सामायिक निधीतूनच निघायची असते. ‘आमच्या पैशांवर व्याज दिले नाही’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा स्वतः मांडून बघावा.

सामायिक निधीचा दुसरा उपयोग माणूस अकाली गेल्यावर कळतो. दहा वर्षांची अट म्हातारपणाच्या पेन्शनला आहे, कुटुंबाच्या पेन्शनला नाही. नोकरीत असताना सभासद वारला आणि निधीत एका महिन्याचीच वर्गणी पडली असेल, तरी त्याच्या पत्नीला पेन्शन मिळते, दोन मुलांना प्रत्येकी तिच्या पेन्शनच्या २५ टक्के २५ वर्षांच्या वयापर्यंत, आणि आईवडील दोघेही गेले असतील तर मुलांना ७५ टक्के. एका महिन्याच्या वर्गणीतून हे कोणत्याही वैयक्तिक खात्याला जमणार नाही.

मग पेन्शन इतकी तुटपुंजी का?

कारणे वरच्या सूत्रातच आहेत. वर्गणी कमी, पगाराची मर्यादा कमी, आणि एकदा ठरलेली पेन्शन महागाईप्रमाणे वाढत नाही. सरकारी पेन्शनसारखा महागाई भत्ता इथे नाही. १ सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन महिना १,००० रुपये केली आणि ती पुरी करायला जे कमी पडते ते केंद्र सरकार अर्थसंकल्पातून देते. ही रक्कम ७,५०० करा, अशी पेन्शनरांची मागणी आहे. त्यासाठी बुलढाण्यात साखळी उपोषण झाले, दिल्लीत मोर्चे निघाले.

मागणी माणुसकीला धरून आहे, यात वाद नाही. आज हजार रुपयांत औषधाची एक चिठ्ठी पुरी होत नाही. पण पैसा कुठून आणायचा याचे उत्तर दिल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. वर्गणी वाढवायची, की करांतून भर घालायची? दुसऱ्या मार्गाने जायचे तर ज्या शेतमजुराला काहीच मिळत नाही त्याच्याही करातून हा पैसा जाणार. माझ्या मते सरकारचा १.१६ टक्के हिस्सा आणि १५,००० ची मर्यादा या दोन्ही आकड्यांना हात घातल्याशिवाय वाट निघणार नाही.

निधीची तब्येत दरवर्षी विमागणितज्ञ तपासतात : आजवर जमलेला आणि पुढे येणारा पैसा आजवरच्या आणि पुढच्या देण्यांना पुरेल का? अनेक मूल्यांकनांत तूट निघाली आहे. पेन्शनचा काही भाग एकरकमी घेण्याची सोय २००८ मध्ये बंद झाली आणि २०१४ मध्ये सरासरी बारा महिन्यांऐवजी साठ महिन्यांची धरायचे ठरले, ते याच काळजीतून.

पीएफवरचा व्याजदर कोण ठरवते?

केंद्रीय विश्वस्त मंडळ शिफारस करते, अर्थ मंत्रालय मान्यता देते, मग कामगार मंत्रालय कळवते आणि खात्यांत व्याज पडते. २०२१-२२ साठी दर ८.१० टक्के होता, चार दशकांतला सर्वात कमी. २०२२-२३ ला ८.१५, आणि २०२३-२४ व २०२४-२५ ला ८.२५. नव्वदीच्या दशकात हाच दर १२ टक्के होता हे सांगितले की नव्या मुलांना खोटे वाटते.

हा दर हवेतून येत नाही. त्या वर्षी गुंतवणुकीवर जे उत्पन्न झाले, ते सभासदांच्या शिलकीवर वाटायचे असते. २०२३-२४ मध्ये सुमारे १३ लाख कोटी रुपयांच्या मुद्दलावर सुमारे १,०७,००० कोटी रुपये वाटायचे ठरले. भागाकार केलात की दर दिसतो. सगळे वाटून हाती थोडी शिल्लक राहील इतपतच दर ठेवावा, असा अर्थ मंत्रालयाचा आग्रह असतो आणि कामगार प्रतिनिधींना तो जास्त हवा असतो. दरवर्षीची ओढाताण असते ती यावरच.

व्याज खात्यात उशिरा पडले तर नुकसान होते का?

नाही. व्याज दर महिन्याच्या शिलकीवर मोजतात आणि वर्ष संपल्यावर एकदम जमा करतात. नोंद उशिरा झाली तरी हिशेबात ते ३१ मार्चलाच धरलेले असते. मधल्या काळात पूर्ण पैसे काढणाऱ्यालाही त्याचे व्याज मिळते.

माझा पैसा शेअर बाजारात लावतात म्हणे. बुडाला तर?

लावतात, पण लोकांना वाटतो तितका नाही. नव्याने जमणाऱ्या पैशातला ४५ ते ६५ टक्के भाग सरकारी रोख्यांत, २० ते ४५ टक्के कंपन्यांचे, सार्वजनिक वित्तसंस्थांचे रोखे व तत्सम कर्जपत्रांत, आणि ५ ते १५ टक्के शेअरशी निगडित गुंतवणुकीत, असा सरकारने आखून दिलेला साचा आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये ५ टक्क्यांनी सुरुवात झाली, पुढे १० आणि मग १५. ही टक्केवारी नव्या पैशाची आहे. साठलेल्या सगळ्या निधीत शेअरचा वाटा त्याहून कमी आहे.

ईपीएफओ स्वतः एखाद्या कंपनीचा शेअर निवडत बसत नाही. निफ्टी आणि सेन्सेक्सच्या मागे चालणाऱ्या ईटीएफमध्ये (बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या निर्देशांक फंडांत) पैसे जातात. युनिट विकून नफा हातात आला की तो वाटायच्या उत्पन्नात धरतात. बाजार पडला की काय होते याची चुणूक २०१९-२० च्या व्याजात दिसली. ८.५ टक्के जाहीर झाले होते, पण मार्च २०२० मध्ये बाजार कोसळल्याने युनिट विकायचे राहिले. मग आधी ८.१५ टक्के रोख्यांच्या उत्पन्नातून द्यायचे आणि ०.३५ टक्के ईटीएफ विकल्यावर, असे ठरले. पुढे बाजार सावरला आणि अखेर सगळे ८.५ टक्के एकदमच जमा झाले.

जोखीम फक्त शेअरमध्ये असते, हेही खरे नाही. आयएल अँड एफएस या बड्या वित्तकंपनीच्या उत्तम मानांकन असलेल्या रोख्यांत देशातल्या अनेक भविष्य निर्वाह निधींचे पैसे २०१८ मध्ये अडकले होते.

हा सगळा कारभार कोणाच्या हातात आहे?

केंद्रीय विश्वस्त मंडळाच्या. अध्यक्ष केंद्रीय कामगार मंत्री. मंडळात केंद्राचे पाच, राज्यांचे पंधरा, मालकांचे दहा आणि कामगारांचे दहा प्रतिनिधी अशी रचना आहे. रोजचे काम केंद्रीय भविष्य निर्वाह निधी आयुक्त आणि देशभरची क्षेत्रीय कार्यालये बघतात. गुंतवणुकीसाठी नेमलेले पोर्टफोलिओ मॅनेजर असतात आणि हिशेब कॅग तपासते.

कामगारांचे प्रतिनिधी मोठ्या कामगार संघटनांतून येतात. ज्या आयटी, दुकान किंवा सिक्युरिटी क्षेत्रात संघटनाच नाही, तिथल्या सभासदाचा आवाज मंडळात कसा पोचणार, हा प्रश्न रास्त आहे आणि आजच्या रचनेत त्याला उत्तर नाही.

कार्यालयांचा, पगारांचा, संगणकांचा खर्च मालक देतो त्या ०.५ टक्के प्रशासकीय शुल्कातून निघतो. तुमच्या शिलकीतून काही कापत नाहीत.

मालकाने पगारातून कापले, पण भरलेच नाही. आता?

ज्या महिन्याचा पगार, त्याच्या पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मालकाने ईसीआर (कामगारवार वर्गणीचे ऑनलाइन विवरणपत्र) अपलोड करून चलन भरायचे असते. म्हणून पगाराच्या स्लिपवर विसंबू नका, पासबुक बघा. स्लिपवर पीएफ कापलेला आणि पासबुकात त्या महिन्याची ओळच नाही, ही पहिली खूण.

उशिरा भरल्यास मालकाला वर्षाला १२ टक्के व्याज आणि वर दंडात्मक नुकसानभरपाई द्यावी लागते. जून २०२४ पासून ही भरपाई महिन्याला थकबाकीच्या एक टक्का आहे. कामगाराच्या पगारातून कापून न भरणे हा फौजदारी विश्वासघात समजला जातो. कार्यालय बँक खाते गोठवू शकते, मालमत्ता जप्त करू शकते. कंपनी दिवाळ्यात गेली तर पीएफच्या देण्याला अग्रक्रम असतो. ठेकेदाराने भरले नाही तर मुख्य मालक जबाबदार.

हे सगळे कागदावर चांगले आहे. व्यवहारात, पाच-सहा महिने वाट बघून कंपनी बंद पडल्यावर तक्रार केली तर वसुली रेंगाळते. पहिल्याच महिन्याला ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर लिहा आणि स्लिपची प्रत जोडा. तक्रारीचा क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा.

आमच्या कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट आहे. तो सुरक्षित का?

मोठ्या काही कंपन्यांना स्वतःचा ट्रस्ट चालवायची सूट असते. ईपीएफओइतके तरी व्याज देणे ट्रस्टला बंधनकारक आहे, कमी पडले तर कंपनीने भरून द्यायचे. सूट फक्त पीएफपुरती. पेन्शनचा पैसा तरीही ईपीएफओकडेच जातो.

‘जास्त पगारावर पेन्शन’ हे काय प्रकरण होते?

सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी निकाल दिला. २०१४ मधल्या दुरुस्त्या ग्राह्य धरल्या, पण १ सप्टेंबर २०१४ ला नोकरीत असलेल्या आणि मर्यादेपेक्षा जास्त पगारावर पीएफ भरणाऱ्या सभासदांना पूर्ण पगारावर पेन्शनचा पर्याय देण्याची पुन्हा संधी दिली. मग अर्जांची झुंबड उडाली.

अट अशी की इतक्या वर्षांचा फरक व्याजासह पीएफमधून पेन्शन निधीत वळवायचा. म्हणजे नावावरच्या शिलकीतून लाखो रुपये काढून सामायिक निधीत टाकायचे आणि बदल्यात जन्मभराची मोठी पेन्शन घ्यायची. वळवलेली रक्कम परत मिळत नाही, वारसांनाही नाही. पती किंवा पत्नीला पेन्शन मिळते तेवढीच. ज्यांना फक्त पेन्शनचा वाढलेला आकडा सांगितला गेला, ते नंतर बिचकले. घरात आजारपण असेल, मुलांसाठी रक्कम मागे ठेवायची असेल, तर हा व्यवहार फायद्याचाच ठरेल असे नाही.

नोकरी सुटली की सगळे पैसे काढून घ्यावेत का?

काढता येतात की नाही, याआधी काढावेत का ते बघा. पाच वर्षे सलग सेवा होण्याआधी काढलेला पीएफ करपात्र ठरतो, आणि पेन्शनची नोकरी दहा वर्षांच्या आत असताना ‘१०सी’ फॉर्म भरून तोही पैसा काढला, तर तेवढी वर्षे पुसली जातात. चार नोकऱ्यांत प्रत्येकी तीन वर्षे काढून दरवेळी पैसे उचललेल्या माणसाकडे बारा वर्षे काम करूनही पेन्शनचा हक्क नसतो. पैसे काढण्याऐवजी खाते नव्या नोकरीत वळवा किंवा स्कीम सर्टिफिकेट (झालेली पेन्शनची नोकरी पुढे धरली जाण्याचा दाखला) घ्या. दहा वर्षे झाल्यावर पेन्शनचा पैसा उचलताच येत नाही, पेन्शनच घ्यावी लागते : वयाच्या ५८ ला पूर्ण, किंवा ५० नंतर घेतली तर ५८ ला जितकी वर्षे कमी तितक्या वर्षांचे दरसाल ४ टक्के कमी.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विश्वस्त मंडळाने मधल्या उचलीचे तेरा प्रकार मोडून तीन गटांत बसवायला आणि २५ टक्के शिल्लक कायम ठेवायला मंजुरी दिली. नोकरी सुटल्यावर उरलेले पैसे बारा महिन्यांनी आणि पेन्शनचे ३६ महिन्यांनी, असेही ठरले. त्यावर बरीच ओरड झाली. हातातला पैसा अडवला जाणे कोणालाच आवडत नाही, पण दर नोकरीबदलाला खाते रिकामे करणाऱ्यांना शेवटी हाती काहीच उरत नाही, हेही तितकेच खरे.

ईडीएलआय म्हणजे काय?

नोकरीत असताना मृत्यू झाल्यास वारसाला मिळणारा विमा, कमाल ७ लाख रुपये. कामगाराने यासाठी काही भरायचे नसते आणि म्हणूनच अनेक घरांना याचा पत्ता नसतो. पीएफचा क्लेम करताना याचाही करा.

नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने काय बदलले?

२०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाली. दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, वेतनाची व्याख्या. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनात धरायचा. बेसिक मुद्दाम कमी दाखवून पीएफ वाचवणाऱ्यांना याने चाप बसतो. सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०१९ मध्ये याच दिशेचा निकाल दिला होता. ज्यांचा पीएफ पूर्ण पगाराऐवजी १५,००० वरच कापला जातो, त्यांच्या हातातल्या पगारावर याचा परिणाम होत नाही.

दुसरी, गिग कामगार. डिलिव्हरी आणि टॅक्सी चालवणाऱ्या ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत द्यायची आहे, कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत. इथे ठरलेला मालकच नाही, म्हणून वर्गणी पगाराऐवजी उलाढालीवर लावली आहे.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने बाजार समितीत पोती उचलणाऱ्या हमालाला, ज्याचा मालक दर तासाला बदलतो, पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळवून दिली. व्यापारी मजुरीवर लेव्ही (ठरावीक टक्के जादा रक्कम) भरतो, पैसे माथाडी मंडळात जमा होतात आणि मंडळ पगार, पीएफ, वैद्यकीय सोय बघते. गिग कामगारांसाठी नियम करणाऱ्यांनी दिल्लीतले अहवाल वाचण्याआधी वाशीच्या बाजारात एक चक्कर मारायला हरकत नाही.

मुलगा अमेरिकेत कामाला आहे. तिथे कापलेला पैसा परत मिळेल का?

काही देशांशी भारताचे सामाजिक सुरक्षा करार आहेत. पहिला बेल्जियमबरोबर झाला, मग जर्मनी, जपान वगैरे. कंपनीने तिथे पाठवलेल्या माणसाने इथून प्रमाणपत्र नेले तर तिथली वर्गणी माफ होते. अमेरिकेशी असा करार नाही. तिथे पगारातून ६.२ टक्के कापतात, आणि पेन्शनचा हक्क साधारण दहा वर्षांच्या वर्गणीनंतर येतो. त्याआधी परतणाऱ्याचा पैसा बहुतेक तिथेच राहतो.

पेन्शन कोणत्याही बँकेत घेता येते का?

जानेवारी २०२५ पासून हो. आधी प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाचा तीन-चार बँकांशीच करार असायचा, आणि पुण्याहून गावी राहायला गेलेल्या पेन्शनरची फाइल एका कार्यालयातून दुसऱ्यात हलवावी लागायची. आता पेन्शन एकाच केंद्रीय व्यवस्थेतून जाते. हयातीचा दाखला मात्र वर्षातून एकदा द्यावाच लागतो. या योजनेत तो नोव्हेंबरलाच द्यायला हवा असे नाही, दिला त्या दिवसापासून वर्षभर चालतो.

नॉमिनेशन एकदा केले की झाले ना?

नाही. लग्नाआधी आईच्या नावे केलेले नॉमिनेशन लग्न झाले की रद्द ठरते, नव्याने करावे लागते. कित्येकांनी ते केलेले नसते आणि नंतर सासू-सून दोघींना वारस दाखल्यासाठी कोर्टाच्या फेऱ्या माराव्या लागतात. यूएएनने (पीएफच्या कायम खाते क्रमांकाने) ईपीएफओच्या पोर्टलवर लॉगिन करा, आधार आणि फोटो हाताशी ठेवा, ई-नॉमिनेशन भरा, आणि शेवटी ई-साइनचा ओटीपी टाकल्याशिवाय बाहेर पडू नका. अर्ज सेव्ह केला म्हणजे झाले असे समजून बरेच जण तिथेच थांबतात.